शैलाताईंचा ना-हरकत दाखला

शैलाताई उमरेडकर कोणाच्याही घरी गेल्या की आधी दारं बघून घेत. पुढचं दार, गॅरेजमधलं दार, मागच्या अंगणात उघडणारं काचेचं दार. मग बसायची जागा निवडत, आणि ती नेहमी अशी असे की कोणालाही पाय आखडायला न लावता दोन ढांगांत बाहेर पडता यावं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बास्केटबॉलची सवय आहे ती. आधी मोकळी जागा पाहायची, मग चेंडू." ते खरंही असेल. पण ज्या पाच-सहा वर्षांत मी त्यांना पाहिलं, त्या वर्षांत त्यांना मोकळी जागा अशी फारशी कुठे मिळाली नाही.

उंची पाच फूट नऊ इंच. तळहात एवढे मोठे की पोळ्या करताना हातातलं लाटणं भातुकलीतलं वाटे. वय चाळिशीच्या आसपास, केस ओढून मागे बांधलेले, अंगात सलवार-कमीझ आणि पायात बारा महिने पांढरे कॅनव्हासचे बूट. ओहायोतल्या जानेवारीत, बर्फ साचलेला असतानाही तेच. दुकानातल्या रांगेत उभ्या असल्या तरी गुडघे किंचित वाकलेले आणि वजन चवड्यांवर. जेवण पाच मिनिटांत उरकत, कारण स्पर्धांच्या कँपात मागून आलेल्याला भाजी उरत नसे. आणि कुठलाही नवा नियम कानावर आला की त्यांचा प्रश्न ठरलेला असे: "सही कोणाची?" कॉलनीच्या असोसिएशननं मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला बंदी केली. सही कोणाची? मंडळानं गणपतीच्या कार्यक्रमाला चपला कुठे काढायच्या याची नोटीस लावली. सही कोणाची? नोटीस काढणारे गृहस्थ समोर उभे असले तरी विचारत, आणि ते कसनुसं हसले की स्वतःही हसत. पण उत्तर मिळाल्याशिवाय प्रश्न सोडत नसत.

आमची ओळख २००२ च्या हिवाळ्यात झाली. मी पुण्याहून संख्याशास्त्र शिकायला कोलंबसला आले होते आणि शनिवारी युनिव्हर्सिटीच्या कायद्याच्या लायब्ररीत काउंटरवर बसत असे. बाहेरच्या माणसांना तिथे बसून वाचायची मुभा होती, पुस्तकं घरी नेता येत नसत. एका शनिवारी सकाळी या उंच बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. आधी इंग्रजीत काहीतरी विचारायला लागल्या, मग त्यांचं लक्ष माझ्या नावाच्या बिल्ल्याकडे गेलं.

"मराठी आहेस ना तू? कुठली?"

"पुण्याची."

"बरं. तर पुणे, युरोपच्या कोर्टाचे निकाल कुठं ठेवून राहिले तुम्ही लोक?"

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी पुणेच राहिले. माझं खरं नाव त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं ते एका कमिटीसमोर, दीडेक वर्षांनी.

युरोपातल्या देशांनी मिळून जे एक सामाईक सरकार उभं केलं आहे, त्याचे अहवाल आणि त्याच्या कोर्टाचे निकाल आमच्या लायब्ररीत नियमित येत. तळघरात शेवटच्या दोन रांगा त्यांच्याच होत्या. तिकडे कोणी फिरकत नसे. दिवेसुद्धा माणसाच्या हालचालीवर लागणारे. वाचणारा स्थिर बसला की काही मिनिटांत अंधार होई. शैलाताईंना हवा असलेला खंड मी काढून दिला. त्या तो उभ्यानंच वाचू लागल्या. तासाभरानं मी खाली गेले तर त्या तशाच उभ्या होत्या, फक्त मधूनच डावा हात डोक्यावर उंच करत होत्या, दिवा जाऊ नये म्हणून. मी खुर्ची आणून दिली. त्यांनी पर्समधून लांब फुलस्केप वही काढली आणि निकाल उतरवायला बसल्या. झेरॉक्सचं मशीन दहा पावलांवर होतं. मी तसं सांगितलंही.

"नको," त्या म्हणाल्या. "सात वर्षं झाली मला हा निकाल वाचायचा होता. एका मिनिटात कॉपी काढली तर मला वाटेल मी वाचलाच नाही."

निकाल होता बेल्जियममधल्या एका फुटबॉल खेळाडूचा. फार मोठा खेळाडू नव्हे. त्याचा क्लबशी करार संपला, दुसऱ्या देशातला क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण जुना क्लब म्हणाला, आधी आमचे पैसे द्या, मग सोडू. व्यवहार फिसकटला आणि हा माणूस लटकला. इथे पगार नाही, तिथे जाता येत नाही. पाच वर्षं तो कोर्टात लढला. शेवटी युरोपच्या कोर्टानं सांगितलं, खेळाडू हा कामगार आहे, आणि करार संपलेल्या कामगाराला असं अडवता येणार नाही. सगळ्या युरोपातल्या फुटबॉलचे नियम त्या एका निकालानं बदलले.

"पण फुटबॉलशी सरकारचा काय संबंध?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं. "आणि तेही इतक्या देशांच्या वरचं सरकार?"

त्यांनी वही मिटली. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून त्या कधीच्या थांबल्या असाव्यात.

"काहीच संबंध नव्हता. त्या देशांच्या करारात खेळ हा शब्दच नाही बघ. कोळसा आहे, पोलाद आहे, जकात आहे. खेळाच्या संघटना म्हणत, आमचं घर आमचं आहे, तुम्ही येऊ नका. मग एक दिवस दोघं जण आले. सायकलची शर्यत असते ना, त्यात एक प्रकार आहे. पुढे मोटरसायकलवाला असतो, त्याच्या मागं वारा लागत नाही म्हणून सायकलवाला जोरात पळतो. तर हे दोघं मोटरसायकलवाले. वारा अडवणारे. संघटनेनं नियम काढला की वारा अडवणारा आणि सायकलवाला एकाच देशाचा पाहिजे. यांचं काम गेलं. हे कोर्टात गेले. म्हणाले, आम्ही खेळाचं काही बोलत नाही, आमची रोजी गेली त्याचं बोलतो. आणि कोर्ट बोललं, खेळात पोट भरायचा प्रश्न आला की तिथं आमचा कायदा येतो."

"म्हणजे सरकार खेळात आलं ते..."

"ते स्वतःहून नाही आलं, पुणे. कोणीतरी अडकलेला माणूस दार वाजवत गेला, म्हणून आलं."

एवढ्यात दिवा गेला. त्यांनी हात वर केला.

त्यांची स्वतःची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. नागपूरला वीस वर्षांच्या असताना त्या राज्याच्या संघातून खेळत. चेंडू पुढे नेऊन डाव मांडायचं काम त्यांचं. मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीनं खेळाडूंच्या जागेवर नोकरी देऊ केली. घरात चार बहिणी, वडील शिक्षक. नोकरी म्हणजे सगळंच होतं. एकच कागद हवा होता, जिल्ह्याच्या संघटनेचा ना-हरकत दाखला. सेक्रेटरींचं कापडाचं दुकान होतं. शैलाताई दुकानात जात, ते बाकावर बसवत, चहा मागवत, बेटा म्हणत. "तू गेली तर आपल्या टीमचं काय, बेटा? पुढच्या मीटिंगात घेऊ." पुढच्या मीटिंगात विषय निघत नसे. दोन मोसम असेच गेले. कंपनीनं दुसरी मुलगी घेतली. शैलाताईंनी रागानं नागपूरसाठी खेळणं थांबवलं, तर संघटनेनं बेशिस्तीबद्दल त्यांच्यावर बंदी घातली.

"तो माणूस वाईट नव्हता," त्या सांगत. "तेच तर वाईट होतं. वाईट असता तर भांडली असती. चहा पाजणाऱ्याशी काय भांडू?"

मग त्या कायदा शिकल्या आणि स्वतःचंच प्रकरण कोर्टात नेलं. तोवर पंचवीस वर्षांच्या झाल्या होत्या. खेळ हा संघटनेचा अंतर्गत मामला आहे, यात कोणाचा हक्क बुडत नाही, असं म्हणून अर्ज फेटाळला गेला. न्यायाधीशांनी हसून विचारलं होतं, "आता एवढ्या वर्षांनी खेळून काय करणार?"  पुढे दहा वर्षं त्यांनी कामगार कोर्टात वकिली केली. आणि एका डिसेंबरात पेपरच्या खेळाच्या पानावर, क्रिकेटच्या खाली, बेल्जियमच्या त्या खेळाडूबद्दल चार ओळी वाचल्या. खेळाडू हा कामगार आहे. तिथून तो निकाल त्यांच्या डोक्यात बसला तो बसलाच.

अमेरिकेत त्या आल्या २००१ मध्ये, उमरेडकरांच्या मागून. नवऱ्याला त्या आडनावानंच हाक मारत. उमरेडकर कोलंबसजवळच्या डब्लिन गावातल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होते, बुटके, शांत, सतत कोणाच्या तरी ताटात काहीतरी वाढणारे. मूलबाळ नव्हतं, आणि तो विषय दोघांनी कधी कोणाला काढू दिला नाही. शैलाताईंचा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा. राहायची परवानगी, कामाची नाही. पगाराचं नाही, तात्पुरतं नाही, कुठलंच नाही. नागपूरची सनद कपाटात. घरात गाडी एकच, ती उमरेडकर ऑफिसला नेत. पायी जाण्यासारख्या अंतरावर काही नव्हतं. आठवडाभर त्या त्या घरात असत आणि शनिवारी उमरेडकर त्यांना लायब्ररीत सोडत.

उमरेडकरांचंही फार वेगळं नव्हतं. कंपनीनं त्यांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज केला होता. तो मंजूर होईपर्यंत कंपनी सोडायची नाही, सोडली तर रांगेत पुन्हा शेवटी. त्यांच्या मागून आलेली माणसं त्यांच्या वर गेली होती. ते कोणाला काही बोलत नसत.

एकदा त्यांच्याकडे आम्ही सात-आठ जण जेवायला होतो. शैलाताईंनी गोळाभात केला होता. वर कढत तेलाची फोडणी, आणि पुण्यामुंबईच्या मंडळींना ते किती तेल असं वाटत होतं. बोलणं नेहमीसारखं व्हिसावर आलं. कोणाची फाइल कुठे अडली आहे, कोणाचा वकील फोन घेत नाही. शैलाताई मध्येच म्हणाल्या, "तिकडं त्या पोराचा करार संपला होता, म्हणून कोर्टानं सोडवलं. आमच्या उमरेडकरांचा करार तर संपूनच नाही राहिला."

 कोणीतरी पाण्याचा ग्लास उचलला.

"शैला, मी फुटबॉल खेळत नाही," उमरेडकर म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी एक गोळा ठेवला. सगळे हसले. शैलाताईही हसल्या, पण पाच मिनिटांत उठून मागच्या अंगणात गेल्या आणि पाहुणे निघेपर्यंत आत आल्या नाहीत.

२००४ च्या मार्चमध्ये माझ्या काउंटरवर पेट्रा आली. स्लोव्हेनियाची, सहा फुटांहून उंच, एकोणीस वर्षांची. जवळच्या गावातल्या एका छोट्या कॉलेजात बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर शिकत होती. प्रशिक्षकाशी तिचं बिनसलं होतं, मोसमभर तिला बाकावर बसवलं होतं, आणि दुसरं एक कॉलेज तिला घ्यायला तयार होतं. पण जुन्या कॉलेजनं सोडल्याचं पत्र दिल्याशिवाय नव्या कॉलेजला शिष्यवृत्ती देता येत नसे, आणि प्रशिक्षक पत्र देत नव्हता. शिष्यवृत्ती नाही तर फी नाही, फी नाही तर विद्यार्थ्याचा व्हिसा नाही. तिला नियमांचं पुस्तक हवं होतं. मी तिला तळघराकडे पाठवलं. त्या दिवशी शनिवार होता.

संध्याकाळी लायब्ररी बंद करताना दोघी बाहेर आल्या. शैलाताईंच्या चेहऱ्यावर मी तोवर न पाहिलेलं काहीतरी होतं. चाल बदलली होती.

"नियमात आहे," त्या म्हणाल्या. "नकार दिला तर तिला कमिटीपुढं सुनावणी मागता येते. प्रशिक्षकाला कमिटीत बसता येत नाही. सही कमिटीची."

पुढचे तीन आठवडे त्या दोघी दर शनिवारी तळघरात बसल्या. पेट्रा बोले, शैलाताई लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. तीन पानांचं निवेदन तयार झालं. मी ते वाचलं. शेवटी युरोपबद्दल एक परिच्छेद होता. पेट्राचा देश पुढच्याच महिन्यात त्या सामाईक सरकारात सामील होत होता.

"ताई, हे इथे चालणार नाही," मी म्हटलं. "युरोपच्या कोर्टाला ओहायोत कोण विचारतंय?"

"माहीत आहे मला. तो निकाल लागू नाही होत. हिच्या देशात पगार घेऊन खेळली तर ही कामगार ठरते, इथं फुकट खेळते म्हणून विद्यार्थी. मग मी म्हटलं ठीक आहे, विद्यार्थी तर विद्यार्थी. रसायनशास्त्राची पोरगी कॉलेज बदलते तेव्हा तिच्या मास्तरची सही लागते का? नाही लागत. मग हिचीच काहून? कामगाराचा हक्क नाही आणि विद्यार्थ्याचाही नाही, मग ही आहे कोण? एवढंच विचारलं मी."

सुनावणीच्या आदल्या दिवशी उमरेडकरांचा मला फोन आला. ते क्वचितच फोन करत. "तुम्ही सोबत जाणार आहात ना उद्या? तिला एवढीच आठवण करून द्या, वकील आहे म्हणून बोलू नको. इथली सनद नाही. काम करायला परवानगी नाही. कोणी लिहून कळवलं तर दोघांचंही..." ते थांबले. "मी सांगितलंय तिला. पण तुम्हीही सांगा."

मी त्या दोघींना माझ्या गाडीतून नेलं. कॉलेजच्या एका बैठकीच्या खोलीत तिघं जण बसले होते. अध्यक्ष रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, शेजारी कार्यालयातली एक बाई आणि कोपऱ्यात इतिहासाचे एक म्हातारे प्राध्यापक. खोलीला दार एकच होतं, आणि ते कमिटीच्या पाठीमागे होतं. पेट्राला सोबत माणसं आणायची परवानगी होती, त्यांनी बोलायचं नाही अशा अटीवर. अध्यक्षांनी आमची नावं विचारली. शैलाताईंनी स्वतःचं सांगितलं आणि मग माझं, पूर्ण, आडनावासकट, कोर्टात सांगावं तसं.

पेट्रानं निवेदन वाचलं. तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण रसायनशास्त्राचं वाक्य आलं तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढला. वाचून झाल्यावर तिनं कागद टेबलावर ठेवले. मग इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले, "हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"मला मैत्रिणीनं मदत केली," पेट्रा म्हणाली आणि तिनं शैलाताईंकडे पाहिलं.

म्हाताऱ्यांनीही पाहिलं. आवाजात कुठलाही आरोप नव्हता, कौतुकच होतं. "मॅडम, आपण वकील आहात का?"

मी शैलाताईंच्या हातांकडे बघत होते. ते मोठे हात टेबलाच्या कडेवर सपाट ठेवलेले होते आणि त्यांची नखं पांढरी झाली होती.

"नाही, सर," त्या म्हणाल्या.

"मग हे इतकं नेमकं..."

"मी आधी खेळत होते," त्या म्हणाल्या.

प्राध्यापकांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आणखी दहा मिनिटांत सगळं आटोपलं.

परत येताना पेट्राला तिच्या हॉस्टेलपाशी सोडलं. नंतर शैलाताईंनी मला एका दुकानाच्या मोठ्या पार्किंगमध्ये गाडी थांबवायला सांगितली. त्या उतरल्या आणि त्या रिकाम्या पार्किंगच्या कडेकडेनं चालू लागल्या. पूर्ण तीन फेऱ्या मारल्या. मी गाडीतच बसून राहिले. आत येऊन बसल्यावर त्या समोर बघत म्हणाल्या, "दहा वर्षं वकिली केली मी. इथं येऊन तीन वर्षं झाली, पहिल्यांदा कोणी विचारलं, वकील आहेस का. आणि मी 'नाही' बोलली."

"तुम्हाला तसं म्हणावंच लागणार होतं, ताई."

"हो. पण किती लवकर बोलली मी. थोडं थांबायला पाहिजे होतं."

आठवडाभरात पत्र आलं. पेट्राला सोडलं होतं. ती लायब्ररीत धावत आली आणि तिनं शैलाताईंना उचलूनच घेतलं. शैलाताईंनी पत्र दोनदा वाचलं, उलटून पाहिलं. दोन ओळी होत्या, खाली अध्यक्षांची सही. कारण दिलेलं नव्हतं. कुठला मुद्दा पटला, हे कोणालाच कधी कळणार नव्हतं. त्यांनी पेट्राची पाठ थोपटली आणि सांगितलं, नवीन कॉलेजात आधी फ्री थ्रो सुधार.

त्यानंतर चार-पाच महिने त्या लायब्ररीत आल्या नाहीत. मी फोन केला की उमरेडकर सांगत, "ती घरीच असते. टीव्हीवर मॅच लावते, आवाज बंद करून." मग एका शनिवारी त्या पुन्हा काउंटरवर उभ्या होत्या, जणू मागच्याच आठवड्यात भेटलो होतो. "पुणे, ब्रुसेल्सच्या सरकारचं काही नवीन आलं का?"

२००६ मध्ये मला नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत एका औषध कंपनीत नोकरी लागली आणि मी ओहायो सोडलं. आमचं बोलणं फोनवर होऊ लागलं. २००७ च्या जुलैत दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. युरोपच्या त्या सरकारनं पहिल्यांदाच खेळावर एक अख्खी श्वेतपत्रिका काढली. आणि इकडे ग्रीन कार्डाच्या तारखा अचानक सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. ज्यांचे पहिल्या पायरीचे कागद मंजूर होते, त्या सगळ्यांना पुढचा अर्ज भरता येणार होता, आणि त्या अर्जावर बायकोलाही कामाचा परवाना मिळत होता. माझ्या ऑफिसातले लोक रजा टाकून फोटो काढायला आणि डॉक्टरी तपासणीला पळत होते. मी शैलाताईंना फोन लावला.

"आमचा नाही होत," त्या म्हणाल्या. "उमरेडकरांचा पहिलाच कागद अजून कुठल्या तरी ऑफिसात पडून आहे. बाकीचे सगळे आत गेले. आमचं नाव अजून दारावरच्या यादीतही नाही."

 मी श्वेतपत्रिकेचा विषय काढला.

"वाचली. आणि नवीन करारात खेळाचं कलमही घालून राहिले म्हणतात. पन्नास वर्षांनी शब्द आला. पण त्यांनी काय लिहिलंय माहीत आहे? आम्ही मदत करू, प्रोत्साहन देऊ. हुकूम नाही देणार." मग त्या पुन्हा त्या निकालाकडे वळल्या. "बेल्जियमच्या त्या पोराला काही उपयोग नाही झाला बरं का. निकाल लागेपर्यंत त्याचं खेळायचं वय गेलं. बाकी सगळे सुटले."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते २००८ च्या वसंतात. एका मैत्रिणीच्या लग्नासाठी मी आठ तास गाडी चालवत कोलंबसला गेले होते. परत निघायच्या दिवशी, रविवारी दुपारी, उमरेडकरांनी सांगितलं, घरी नको, रिक्रिएशन सेंटरला या. तिथे बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा सामना चालला होता आणि पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेल्या शैलाताई शिट्टी घेऊन पळत होत्या. बिनपगारी पंच. डाव्या गुडघ्याला पट्टा होता आणि वळताना त्या किंचित लंगडत होत्या.

मी उमरेडकरांशेजारी लाकडी पायऱ्यांवर बसले. त्यांनी थर्मासातला चहा मला दिला. केस पुष्कळ पांढरे झाले होते.

"सात वर्षं झाली, तिनं नागपूर पाहिलं नाही," ते मैदानाकडे बघत म्हणाले. "मी म्हटलं, जाऊन ये महिनाभर. तर म्हणते, माघारी तारीख उघडली तर? अर्ज भरायला इथंच हजर असावं लागतं. मागच्या जुलैत उघडली तशी कधीही उघडते. दोनदा तिकीट काढलं, दोनदा कॅन्सल केलं."

"आणि दोघं मिळून परत जाणं?"

"ते मीच नको म्हणतो," उमरेडकर म्हणाले. "एवढी वर्षं उभं राहिल्यावर आता रांग सोडायची, मला धीर होत नाही. तिला कळतं ते. म्हणून ती कधी विचारत नाही."

सामना संपल्यावर शैलाताई आमच्याकडे आल्या, घामानं भिजलेल्या. मला पाहून त्यांनी तो मोठा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मग पायरीवर बसून नागपूरची बातमी सांगितली. त्यांच्या संघातली जुनी मैत्रीण लता आता तिथे मुलींना शिकवते. तिच्या एका मुलीला मुंबईत नोकरी मिळत होती आणि संघटना ना-हरकत दाखला देत नव्हती. सेक्रेटरी आता जुन्या सेक्रेटरींचा मुलगा. लतानं एक तरुण वकील गाठला आणि शैलाताईंनी ओहायोतून ईमेलवर अख्खी याचिका लिहून दिली. वारा अडवणाऱ्या त्या दोघांपासून सुरुवात करून. नाव अर्थात त्या वकिलाचं.

"मग? निकाल काय लागला?"

"निकाल लागलाच नाही. सुनावणीच्या सकाळी त्यांच्या वकिलानं खिशातून दाखला काढला आणि कोर्टात ठेवला. प्रश्नच उरला नाही, म्हणून याचिका बंद. आपल्या त्या वकील पोरानं तिसाव्या पानापर्यंत पाठ केलं होतं सगळं, एक वाक्य बोलायला नाही मिळालं."

"पण मुलगी?"

"गेली मुंबईला." त्यांचा चेहरा उजळला. "फोटो पाठवला तिनं. नोकरीचं कार्ड गळ्यात घालून उभी आहे." मग शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "नियम तसाच आहे. पुढची पोरगी पुन्हा दुकानात जाऊन बसणार. पण ही गेली."

माझी निघायची वेळ झाली होती. त्या मला सोडायला दारापर्यंतही आल्या नाहीत, "जा, लांब जायचंय तुला," म्हणाल्या आणि मैदानाकडे वळल्या. मी उमरेडकरांचा निरोप घेऊन बाहेर आले. गाडीपाशी पोचल्यावर काचेतून आत पाहिलं. पुढच्या तासासाठी ज्यांनी मैदान घेतलं होतं ती पुरुष मंडळी आत आली होती आणि दुसऱ्या टोकाला चेंडू आपटत होती. शैलाताई या टोकाला, बास्केटसमोरच्या फ्री थ्रोच्या रेषेवर, एकट्या उभ्या होत्या. त्या मंडळींपैकी एकानं त्यांना काहीतरी विचारलं, बहुतेक वेळ संपल्याचं सांगितलं. त्यांनी एक बोट वर केलं, एकदाच म्हणून. गुडघे वाकवले, चेंडू टाकला. तो कड्याला लागून बाहेर आला. त्या लंगडत गेल्या, चेंडू उचलला, रेषेवर परत आल्या आणि त्या माणसाकडे न बघता पुन्हा एक बोट वर केलं.